वाचकांचे प्रश्न : हॅर्टा मुंबईला का उतरली नाही?

मागच्या अंकात मी विचारलं होतं, प्रवासाची एखादी कथा-कादंबरी हल्लीत वाचली असेल तर कशी वाटली, काय खटकलं, काय अडलं ते कळवा. पत्रं भरपूर आली आणि त्यातली बरीचशी ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’वरची निघाली. मंडळी, पुलं मलाही प्यारे आहेत, पण ती प्रवासवर्णनं. मी विचारत होते रचलेल्या गोष्टीबद्दल, जिच्यात प्रवासाला निघणारा माणूससुद्धा लेखकानेच घडवलेला असतो. ज्यांनी प्रश्न नीट वाचला त्यांची पत्रं खाली घेतली आहेत. लांबलेल्या पत्रांना कात्री लावली आहे, रागावू नये. सांगलीत वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे माझी नोकरी झाली. वाचकाचं ऐकून घ्यायची सवय आहे, तशी त्याच्याशी वाद घालायचीही आहे.

‘विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ परत वाचली. तरुणपणी डोळ्यांत पाणी आलं होतं, या वेळी संताप आला. चक्रधर भेकड आहे. हॅर्टाला त्याने मुंबईत उतरवून घ्यायला हवं होतं. लेखकाला शोकांतिका हवी होती म्हणून तिला पुढे पाठवलं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. तुम्हाला काय वाटतं?’ (निवृत्त शिक्षक, सातारा)

गुरुजी, तुमच्या मताचा माणूस आमच्या वाचनालयातही होऊन गेला. आमच्या प्रतीचं बाइंडिंग इतक्या वेळा झालेलं, की आतली अक्षरं शिवणीत गेली होती. तिच्या शेवटच्या पानांपैकी एकावर समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘गाढवा, तिला उतरवून घे!’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, शाईच्या पेनाने, एकच शब्द : ‘कसं?’ पुस्तकात लिहिणाऱ्याला आम्ही दंड करत असू. या दोघांना केला नसता.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कादंबरी १९३९ची. युद्ध तोंडावर आलेलं आणि युरोपातून एक बोट मुंबईकडे निघालेली. बोटीवर घरी परतणारे हिंदी लोक आहेत, तसेच जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू आहेत. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही ज्यू मुलगी त्या थोड्या दिवसांत एकमेकांत गुंततात. मुंबई येते, तो उतरतो. ती बोटीबरोबर पूर्वेकडे जाते आणि पुढे समुद्रात उडी घेते.

आता तो ‘कसं?’ बघू. जुलै १९३८मध्ये फ्रान्समधल्या एव्हियां गावी ३२ देश ज्यू निर्वासितांसाठी परिषदेला जमले. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि बहुतेकांनी दारं बंदच ठेवली. नोव्हेंबरमध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकानं फुटली, प्रार्थनामंदिरं जळाली. त्यानंतर व्हिसा न मागता उतरू देणारं बंदर म्हणजे शांघाय. इटालियन कंपनीच्या बोटी जिनोआ आणि त्रिएस्तहून सुटत आणि सुएझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत शांघायला पोचत. असे वीस हजारांच्या आसपास ज्यू तिथे गेले. म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर या बोटी खरोखरच लागत होत्या. पण इथे पाय ठेवायचा तर ब्रिटिश सरकारची परवानगी हवी, आणि ती मिळवायला नोकरीची हमी किंवा कुणीतरी जामीन. काहींना ती मिळाली. व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर मुंबईत उतरू शकला, त्याला टाइम्स ऑफ इंडियात काम मिळालं आणि पुढे रझा, आरा अशा तरुण चित्रकारांना त्याचा मोठा आधार झाला. तेच बंदर, तोच काळ. एकाच्या खिशात नोकरीचा कागद होता आणि हॅर्टाकडे फक्त एक मराठी तरुण होता, तोही आधीच्या प्रेमभंगाने आंबलेला.

तुम्ही म्हणता तसा चक्रधर भेकड आहे, यात मला शंका नाही. पण बेडेकरांची खरी करामत अशी की त्यांनी भेकड माणसाच्या हातात एक बिनतोड सबब दिली आहे. कायदा आडवा आला, तो काय करणार? मग वाचकाने स्वतःला विचारायचं : कायदा आडवा नसता तर याने तिला घरी नेलं असतं? मला विचाराल तर नाही. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या कुठल्या चाळीत, कुठल्या आईसमोर तो तिला उभी करणार होता? बोटीवरचं प्रेम बोटीवर ठीक होतं, कारण तिथे दोघांचाही पत्ता एकच होता.

तेव्हापासून प्रवासाची कुठलीही कादंबरी हातात आली की मी ठिकाणांची नावं बघत नाही. या गोष्टीत कोण आपल्या मर्जीने उतरू शकतं आणि कोणाला उतरता येत नाही, हे बघते. त्या एका प्रश्नाने पुस्तकाचं पाणी जोखता येतं. खालच्या उत्तरांत तो पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

‘सामंथा हार्वीच्या ‘ऑर्बिटल’ला २०२४चं बुकर मिळालं म्हणून घेतली. सहा अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरतात, सूर्य उगवतो, मावळतो, पुन्हा उगवतो. घडत काहीच नाही. याला कादंबरी म्हणायचं?’ (सॉफ्टवेअर इंजिनीअर, पुणे)

म्हणायचं. काहीच घडत नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे चिएकडे तुमचं लक्ष गेलं नाही. सहा जणांतली ती जपानी. ती वर असताना खाली तिची आई वारते. यान एका दिवसात पृथ्वीच्या सोळा प्रदक्षिणा घालतं, म्हणजे जपान तिच्या पायाखालून पुन्हा पुन्हा जातो, आणि मुलीला आईच्या अंत्यविधीला जाता येत नाही. तासाला अठ्ठावीस हजार किलोमीटरच्या आसपास वेग, आणि घरी जायची सोय नाही. कथानक म्हणून मला हे पुरलं. शिवाय एक मोठं वादळ फिलिपाइन्सकडे सरकतंय. ते वरून देखणं दिसतं, आणि ज्या पिएत्रोला ते देखणं दिसतं त्याच्या ओळखीचं एक कोळ्याचं कुटुंब खाली त्याच्या वाटेत आहे.

तुमची एक तक्रार मात्र मान्य. पृथ्वीच्या सौंदर्याची वर्णनं काही ठिकाणी जास्त होतात. ढग, प्रकाश, निळाई, परत ढग. मी असली दोन-चार पानं सरळ उलटली. पुस्तक लहान आहे, तुम्हीही उलटा आणि चिएच्या जागा परत वाचा.

‘काकू, मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. ओल्गा तोकार्चुकची ‘फ्लाइट्स’ वाचतेय. कुनित्स्की नावाच्या माणसाची बायको आणि मुलगा एका बेटावर गायब होतात, आणि गोष्ट रंगात आली की लेखिका तिथेच सोडून शरीरशास्त्राच्या संग्रहालयाबद्दल बोलायला लागते. मला पुस्तक फेकावंसं वाटलं. मैत्रिणी म्हणतात मला कळत नाही. खरंच मला कळत नाही का?’ (विद्यार्थिनी, नांदेड)

तुला ‘तू’ म्हणते, नातीच्या वयाची आहेस. तुला व्यवस्थित कळतंय. पुस्तक फेकावंसं वाटणं ही त्या पानावरची अगदी योग्य भावना आहे, कारण त्या क्षणी कुनित्स्कीचीही तीच गत आहे. क्रोएशियाच्या त्या लहानशा बेटावर गाडी थांबते, बायको मुलाला घेऊन झाडीत जाते आणि येतच नाही. असं कुणाच्या बाबतीत झालं तर पुढचं प्रकरण त्याला लगेच कुठे वाचायला मिळतं? पुढे ती दोघं सापडतात, हे तुला सांगून ठेवते. त्यात काही बिघडत नाही. कारण मधले दिवस ती कुठे होती याचं धड उत्तर बायको देत नाही, आणि नवरा त्या उत्तरापायी खंगत जातो. उत्तर शोधण्यासाठी तो काय काय करतो ते बघ, त्यात खरी गोष्ट आहे.

हे पुस्तक मूळ पोलिशमध्ये २००७ साली आलं, इंग्रजी भाषांतराला २०१८चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, आणि तोकार्चुकबाईंना २०१८चं नोबेल एक वर्ष उशिरा, २०१९मध्ये जाहीर झालं. परीक्षेसाठी एवढं पुरे. वाचण्यासाठी वेगळी युक्ती सांगते. पहिल्यांदा फक्त लांब गोष्टी वाच : कुनित्स्की, मॉस्कोची अन्नुश्का, संगीतकार शोपँचं हृदय लपवून वॉर्सोला नेणारी त्याची बहीण. मग मधले तुकडे वाच. प्राध्यापकांना सांगू नकोस.

अन्नुश्काची गोष्ट तर कुणीही सोडून देऊ नका, असं मी म्हणेन. घरी आजारी मुलगा. आठवड्यातून एक दिवस सासू येते तेवढीच तिला बाहेर पडायची मुभा. एकदा ती बाहेर पडते आणि घरी जातच नाही, मेट्रोतून फिरत राहते. ही बाई कुठे पोचायला निघालेली नाही. घरच्या स्टेशनावर उतरायचं नाही, एवढंच तिचं ठरतं. ते वाचताना मला राग यायला हवा होता, मुलाला टाकून गेली म्हणून. आला नाही. आपल्याकडे कितीतरी बायका देवदर्शनाच्या निमित्ताने जे करतात, ते ती बिननिमित्त करते.

‘यांग श्वांग-झी या तैवानी लेखिकेची ‘तैवान ट्रॅव्हलॉग’ मुलीने वाढदिवसाला दिली. खाण्यापिण्याची वर्णनं वाचून जीभ खवळली. पण ती जपानी नायिका मला आवडली नाही. दुभाष्या मुलीवर एवढं प्रेम करते, तिच्यासाठी सगळं करायला तयार असते, तरी कुठेतरी खटकत राहतं. शिवाय मुखपृष्ठामागे एका जपानी लेखिकेच्या जुन्या पुस्तकाचा उल्लेख आहे. ती खरंच होऊन गेली का?’ (गृहिणी, दादर)

नाही हो, होऊन गेली नाही. आओयामा चिझुको ही लेखिका यांगबाईंनी रचलेली. तिने १९३८ साली तैवानचा दौरा केला, त्यावर पुस्तक लिहिलं, ते आता भाषांतरित होतंय, हा सगळा देखावा, तळटीपा आणि प्रस्तावनांसकट. तैवानमध्ये पुस्तक २०२०ला आलं तेव्हाही लोक असेच फसले आणि चिडले होते. तेव्हा तुम्ही एकट्या नाही. लिन किंगने केलेल्या इंग्रजी भाषांतराला २०२४चं अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं.

तुम्हाला जे खटकलं ते लेखिकेने मुद्दाम पेरलंय, आणि तुम्ही ते बरोबर टिपलंत. १९३८मध्ये तैवान जपानची वसाहत. चिझुको सरकारी पाहुणी म्हणून येते, हवं ते खाते, हवं तिथे जाते. प्रकरणांची नावंही पदार्थांची. दुभाषी मुलगी स्थानिक, हुशार, हातखंडा स्वयंपाक करणारी. चिझुको तिला मैत्रीण म्हणते. पण मैत्रीण म्हणायचं की नाही हे ठरवणार कोण? एकीला कंटाळा आला की ती आपल्या देशी जाणार. दुसरीने हसून ‘नको’ म्हटलं तरी त्या ‘नको’चा अर्थ पहिलीला कळत नाही, कारण आजवर कुणी तिला ‘नको’ म्हटलेलंच नाही. एखादा पदार्थ आग्रहाने खाऊ घालणं आणि आपल्या आवडीचं दुसरीवर लादणं यातली रेघ लेखिकेने ताटापाशीच आखली आहे. आपल्याकडच्या पाहुणचारावर पोसलेल्या वाचकाला तर ती झोंबायलाच हवी.

सहलीला गेल्यावर गाइडशी, ड्रायव्हरशी आपण किती आपुलकीने वागलो याच्या कथा लोक मला सांगतात. ड्रायव्हरची बाजू अजून कुणी सांगितलेली नाही.

‘अमिताव घोष यांची ‘द शॅडो लाइन्स’ आता वाचली, उशीर झाला हे खरं. आजी विमानाने ढाक्याला जाणार असते आणि विचारते, वरून सरहद्द दिसेल ना? मी बेळगावात राहतो. मला हसू आलं नाही. आपलं मत?’ (वाचक, बेळगाव)

तुम्हाला हसू कसं येईल! पुस्तक १९८८चं, उशीर वगैरे काही नाही.

प्रसंग इतरांसाठी सांगते. आजीचा जन्म ढाक्याचा, फाळणीनंतर ती कोलकात्याची. १९६४मध्ये ती परत ढाक्याला निघते. मुलगा चेष्टा करतो, नकाशातल्यासारखी काळी रेघ दिसेल असं वाटलं की काय? ती म्हणते तसं नव्हे, पण काहीतरी असेल ना, खंदक, सैनिक? काहीच नसेल तर मग फाळणी कशासाठी केली? आजी शाळेत मुख्याध्यापिका होती. अशी बाई उगाच प्रश्न विचारत नाही.

या कादंबरीत एक जागा आहे जी मला कुठल्याही नकाशापेक्षा जास्त शिकवून गेली. निवेदक ॲटलास उघडतो आणि कंपासचं टोक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या खुलनावर ठेवून श्रीनगरपर्यंत वर्तुळ काढतो. डिसेंबर १९६३मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र केस नाहीसा झाला. काही दिवसांत तो परत मिळालाही, काश्मिरात हिंदू-मुसलमान मिळून रस्त्यावर उतरले होते. आणि दंगल पेटली ती तिकडे दूर खुलन्यात, मग कोलकात्यात, ढाक्यात. अंतर कशाने मोजायचं, हा त्याचा प्रश्न.

तुम्ही हे घरी करून बघा. मी सांगलीवर टोक ठेवून बघितलं. नागपूरपर्यंत त्रिज्या घेतली तर हैदराबाद आणि बंगळूर दोन्ही वर्तुळाच्या आत आले. पणजी पुण्यापेक्षा जवळ निघाली. तुमच्या बेळगावावर टोक ठेवलंत तर मुंबई आणि बंगळूर यांच्याबद्दल तुम्हालाच काहीतरी सुचेल. ते मी इथे लिहीत नाही, नाहीतर पुढचा अंक त्याच पत्रांनी भरेल.

ईला आठवते का? निवेदकाची ती जगभर फिरलेली बहीण. कैरोचं नाव काढलं की तिला विमानतळावरचं बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे ते आठवतं. आणि घरातून न हललेल्या त्या मुलाला लंडनच्या गल्ल्या तोंडपाठ. लोक ईलाला हसतात. मी हसत नाही. एकट्या मुलीने अनोळखी ठिकाणी उतरल्यावर आधी तेच शोधायचं असतं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं याचं मला कौतुक वाटलं.

आता काही लहान पत्रं एकत्र.

जळगावचे एक वाचक लिहितात की मराठीतला सगळ्यात चांगला प्रवास ‘कोसला’तला अजिंठ्याचा. वाद घालायला जागाच नाही. बहीण मनी देवीच्या रोगाने गेल्यावर पांडुरंग लेणी बघत फिरतो, आणि प्रत्येक चित्र त्याला मनीकडे घेऊन येतं. १९६३पासून कितीतरी लोक त्या पानांसकट अजिंठ्याला गेले असतील.

सोलापूरच्या एक ताई विचारतात, ‘रेत समाधि’तली ऐंशी वर्षांची आई पाकिस्तानात जाते हे पटण्यासारखं आहे का? गीतांजली श्रींनी पटवायचा प्रयत्नच केलेला नाही, म्हणून मला पटलं. जी बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती ती थेट खैबरपर्यंत धडकते. वाघा सीमेवर फाळणीवर लिहिणारे लेखकच येऊन बसतात तो भाग मात्र तुम्हाला कंटाळवाणा वाटला, आणि मला फार आवडला. असो.

रत्नागिरीहून प्रश्न : गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ कादंबरी धरायची का? नाही. वरसईचा भिक्षुक १८५७मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघतो, बंडात सापडतो, झाशीचा वेढा आतून बघतो, लुटला जातो, तरी गंगेची कावड घेऊन घरी पोचतो. हे सगळं घडलेलं आहे. कादंबरीकाराने असं लिहिलं असतं तर योगायोग फार म्हणून आपणच नाकं मुरडली असती.

कोल्हापूरच्या नवविवाहितेला लहान सुट्टीत वाचायला काहीतरी हवंय. मिलिंद बोकीलांची ‘समुद्र’ घ्या. नवरा-बायको, भास्कर आणि नंदिनी, सुट्टीला समुद्रावर जातात. पण नवऱ्याबरोबर समुद्रावर असताना वाचू नका, परत आल्यावर वाचा. कारण पुस्तकातच कळेल.

‘मी कर्जतहून दादरला रोज लोकलने जाते-येते. प्रवासाच्या कादंबऱ्या वाचते आणि वाटतं, या लोकांना पास काढावा लागत नाही, चौथी सीट मिळवावी लागत नाही. रोजच्या प्रवासाला कुणी प्रवास का म्हणत नाही?’ (नोकरदार, कर्जत)

तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही, पुस्तकं आहेत. नेमाड्यांची ‘बिढार’ आणि तिच्या पुढच्या ‘जरीला’, ‘झूल’ वाचा. त्यातला चांगदेव नोकरीपायी गाव सोडतो, खोली सोडतो, सामान बांधतो, परत सोडतो. त्याला निसर्ग दिसत नाही, त्याला खोलीचं भाडं दिसतं. तुम्हाला तो माणूस ओळखीचा वाटेल. आणि वर मी ज्या अन्नुश्काबद्दल लिहिलं ती तर तुमच्याच डब्यातली आहे, फक्त तिचा डबा मॉस्कोचा. ‘फ्लाइट्स’ जाडजूड आहे, गर्दीत उभ्याने धरवणार नाही. तेवढी गोष्ट सुट्टीच्या दिवशी घरी वाचा.

पण माझंही तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या डब्यात कोण काय वाचतं ते कळवा. मोबाइलवर वाचत असतील तर तेही चालेल. पुढच्या अंकाचा विषय तोच घेते : रोजच्या प्रवासात वाचलेलं पुस्तक. एसटी, लोकल, कंपनीची बस, काहीही. पत्र पानाच्या एकाच बाजूला लिहा, आणि ‘पुस्तक फार आवडले’ एवढ्यावर थांबू नका.